पान हिरवेच असते काय ?

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ अनुभवी व विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी एक साधा वर्गशिक्षक. चित्रकलेचा पदवीधर नाही आणि विज्ञानाचाही नाही. बी.ए., बी.एड. होऊन भाषा व इतिहास शिकविणारा मी, मुलांकडून हाताने करवून घ्यावयाच्या कला-उपक्रमांविषयी आणि निसर्ग-उपक्रमांविषयी काय बोलणार, असा प्रश्न आपल्याला पडेल. मलाही तो पडला होता. परंतु या विषयाकडे मी वळलो तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. म्हणून प्रथम ती चूकच आपल्यापुढे ठेवतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कोकणातल्या एका शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्याने तो तासही मलाच घ्यावा लागे. एकदा मी फळ्यावर आंब्याची डहाळी काढली आणि मुलांना ती रंगवावयास सांगितली. एका मुलीने सगळी पाने तांबूस रंगविली. मी लाल शाईने खाली लिहिले, "पान हिरवे असते", आणि दहापैकी चार गुण दिले. वही वर धरून वर्गाला दाखविली. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आपली कंपासपेटी उघडून माझ्या टेबलावर ठेवली. आत आंब्याची कोवळी पालवी होती. तांबूस, मऊ, तिच्या चित्रासारखीच. ती काही बोलली नाही. मी कोकणातला माणूस, आंब्याच्या झाडाखाली लहानाचा मोठा झालेलो. नवी पालवी तांबडी असते हे काय मला ठाऊक नव्हते ? परंतु वर्गासमोर चूक कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही. "ठीक आहे, जागेवर बस," एवढेच मी म्हणालो. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने प्रत्येक पान हिरवेच रंगविले आणि मी तिला दहापैकी आठ-नऊ गुण देत गेलो.

मित्रहो, त्या मुलीने झाड पाहिले होते. मी फक्त पाठ केलेले वाक्य पाहिले. मी तिला शिकविले ते एवढेच, की स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, गुरुजींच्या वाक्यावर ठेवावा. आज मी जे उपक्रम सांगणार आहे, ते या एका चुकीची भरपाई म्हणून मी हळूहळू शिकलो आणि मुलांकडून करवून घेतले. त्यांचा हेतू सुंदर वस्तू तयार करणे हा नाही. मुलाने पाहावे, हाताने करून बघावे आणि जे दिसले ते निर्भयपणे सांगावे, एवढाच आहे.

हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. हाताच्या कामातून मुलाचे शिक्षण व्हावे, ही त्या समितीच्या योजनेची बैठक होती. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी काम केले. बिया, शिंपले, पाने, खडे हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही करून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे धोरणांची उणीव नाही. उणीव आहे ती आपल्या वर्गात आणि आपल्या घरात.

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळतो.

पहिला उपक्रम पानाचाच. एक जाडसर पान घ्यावे. पिंपळ, साग, फणस, देशी बदाम, काहीही चालेल. ते पालथे ठेवावे, म्हणजे शिरांची बाजू वर येईल. त्यावर साधा पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरून हलकेच घासावा. पानाच्या सगळ्या शिरा कागदावर उमटतात. लहान मुलांना ही जादूच वाटते. परंतु येथे थांबू नये. पिंपळाच्या ठशाशेजारी बांबूच्या किंवा केळीच्या पानाचा ठसा घ्यावयास सांगावे. मुलेच म्हणतात, "सर, याच्या शिरा जाळीसारख्या आहेत आणि याच्या सरळ रेघांसारख्या." मग वाल आणि मका रात्रभर भिजत घालावयास सांगावे. वालाच्या दोन डाळिंब्या होतात, मक्याच्या होत नाहीत. वालाच्या वेलाचे पान जाळीचे आणि मक्याचे पान रेघांचे, हेही मुले शोधून काढतात. एकदल व द्विदल वनस्पतींचा जो धडा घोकूनही विसरला जातो, तो येथे मुलांच्या बोटांतून डोक्यात शिरतो.

याच पानाचा दुसरा खेळ धीराचा आहे. पिंपळाची चांगली पाने पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवावीत. पाणी अधूनमधून बदलावे आणि भांडे झाकून ठेवावे, नाहीतर डास होतील. वासही येतो, म्हणून ते घराबाहेर असावे. पानाचा गर कुजला की जुन्या मऊ दातघासणीने तो हलकेच काढावा आणि पान पुस्तकात दाबून वाळवावे. मागे राहते ती शिरांची नाजूक जाळी. पहिल्या वेळी निम्मी पाने फाटतात. फाटू द्यावीत. महिनाभर वाट पाहून मिळालेली वस्तू मुले किती जपतात, हे आपण एकदा पाहावे.

दुसरा उपक्रम रंगांचा, आणि तो स्वयंपाकघरातला आहे. माता-भगिनींना ठाऊकच आहे, की कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो. ही गोष्ट आपण रोज पाहतो, पण मुलाला कधी दाखवीत नाही. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा. त्यावर साबणाच्या पाण्याने काडीने लिहिले की अक्षरे लाल उमटतात. त्याचप्रमाणे जास्वंदीच्या लाल पाकळ्या पांढऱ्या कागदावर चुरडून घासाव्यात. वाळल्यावर कागद जांभळट होतो. त्यावर लिंबाचा रस टाकला की गुलाबी होतो आणि सोड्याचे पाणी टाकले की हिरवट होतो. मग मुलांना घरातील पदार्थ तपासावयास सांगावे. चिंचेचे पाणी, ताक, कोकमाचे आगळ, राख कालवलेले पाणी. कोणता पदार्थ आंबट गटातला आणि कोणता साबणाच्या गटातला, याची यादी मुले स्वतः करतात. आम्ल आणि अल्कली हे शब्द नंतर आले तरी बिघडत नाही.

याच हळदीत थोडा डिंक मिसळला की पिवळा रंग तयार होतो. पळसाच्या फुलांचा केशरी, गोकर्णाचा निळा, गेरूचा तांबडा, काजळीचा काळा. भेंडी आडवी कापून रंगात बुडवून कागदावर ठेवली की बहुधा पाच कोनांची चांदणी उमटते. चांदण्यांची ओळ काढता काढता एका मुलाने मला विचारले, "सर, सगळ्या भेंड्यांना पाचच कोन का ?" मला उत्तर माहीत नव्हते. मी म्हणालो, "आपण मोजू या." त्या आठवड्यात मुलांनी घरोघरी भेंड्या मोजल्या. कोणाला सहा कोनांच्या सापडल्या, कोणाला अधिक. "मला माहीत नाही, आपण पाहू या" हे वाक्य शिक्षकाला उच्चारता आले, की निम्मे काम झाले असे मी अनुभवाने सांगतो.

तिसरा उपक्रम बीजाचा. काचेच्या पेल्याला आतून टीपकागद लावावा, तळाशी थोडे पाणी ठेवावे आणि काच व कागद यांच्यामध्ये भिजविलेले मूग बसवावेत. एक मूग उभा, एक आडवा, एक उलटा. मुलांना आधी विचारावे, "उलट्या मुगाचे मूळ कोठे जाईल ?" बहुतेक मुले म्हणतात, "वर जाईल." दोन-तीन दिवसांत सगळी मुळे खालीच वळलेली दिसतात. मग पेला आडवा करून ठेवावा. मूळ पुन्हा वाकून जमिनीकडे वळते आणि कोंब आभाळाकडे. मुलांनी रोज पट्टीने मोजून वहीत तारीख, लांबी आणि चित्र अशी नोंद करावी. गणित, चित्रकला आणि विज्ञान असे तीन तास येथे एकत्र येतात.

चौथा उपक्रम मला सर्वांत प्रिय आहे. ज्यांच्या परसात कढीलिंबाचे किंवा लिंबाचे झाड आहे, त्यांनी कोवळी पाने नीट तपासावीत. तेथे पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी सापडते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. आपण तिला कीड म्हणून चिरडतो. ती फुलपाखराची अळी असते. फांदीचा तुकडा आणि अळी एका बरणीत ठेवून तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधावे. रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावीत आणि बरणी स्वच्छ करावी. बरणीत एक उभी काडी असावी. काही दिवसांनी अळी खाणे थांबविते, काडीला स्वतःला एका धाग्याने बांधून घेते आणि कोष करते. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत साधारणपणे तीन ते चार आठवडे लागतात. पंख वाळले की ते सोडून द्यावयाचे, हा नियम आधीच ठरवून घ्यावा.

माझ्या वर्गात असे पहिले फुलपाखरू बाहेर पडले, तेव्हा एरवी एक मिनिट गप्प न बसणारी पंचावन्न मुले श्वास रोखून उभी होती. एकदा मात्र एका मुलाने दया येऊन कोष अगोदरच उघडला आणि आतील जीव मेला. तो मुलगा फार रडला. मी त्याला रागावलो नाही. कोणत्या गोष्टीत मदत करावी आणि कोणत्या गोष्टीत नुसती वाट पाहावी, हा धडा त्या दिवशी आम्हा सर्वांनाच मिळाला. मुलांची कामे घाईने स्वतः उरकणाऱ्या आपण मोठ्यांनाही तो लागू आहे.

पाचवा उपक्रम आकाशाचा. ईदच्या आदल्या सायंकाळी आपली सर्व मुले गच्चीवर, टेकाडावर, खाडीच्या बांधावर चंद्र पाहावयास धावतात. एका सायंकाळी एवढ्या उत्साहाने पाहिलेला चंद्र उरलेला महिनाभर कोणी पाहत नाही. मुलांना तीस चौकोनांची एक वही आखून द्यावी. रोज चंद्र दिसेल तेव्हा त्याचा आकार, वेळ आणि दिशा लिहावी. ढग असतील तर "ढग" असे लिहावे. चंद्रकोर सूर्यास्तानंतर पश्चिमेलाच का दिसते, तिची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडेच का असते, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला का उगवतो, हे प्रश्न वहीतूनच निघतात. एका मुलीने महिन्याच्या उत्तरार्धात शाळेत येताना पश्चिमेला पांढरा चंद्र पाहिला आणि धावत येऊन म्हणाली, "सर, चंद्र दिवसा पण असतो !" तिच्या पाठ्यपुस्तकात रात्रीचे चित्र काढून त्यावर चंद्र दाखविला होता. पुस्तकापेक्षा तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

सावलीचाही असाच उपक्रम आहे. मैदानात एक सरळ काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. घड्याळे नव्हती तेव्हा जोहर आणि असरच्या नमाजाच्या वेळा लोक सावलीवरूनच ओळखत, हे मुलांना सांगावे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे ज्ञान होते. महाराष्ट्रात मे महिन्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मुंबईत हा दिवस १५ मेच्या सुमारास असतो. सुट्टीत घरी करण्याजोगा याहून स्वस्त प्रयोग नाही.

येथे एका नाजूक प्रश्नाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. आपल्यापैकी काही पालकांना सजीवांची चित्रे काढण्याबद्दल संकोच वाटतो आणि ते मुलाला चित्रकलेच्या तासालाच बसू देत नाहीत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु त्यांना माझी नम्र विनंती आहे, की त्यामुळे मुलाचा हात आणि डोळा उपाशी ठेवू नये. पानाची जाळी, बियांची नक्षी, चंद्राची वही यांत वादाचे कारणच नाही. कंपासने एक वर्तुळ काढावे. तीच त्रिज्या कायम ठेवून परिघावर कंपास टाकीत जावे. बरोबर सहा टप्प्यांत आपण मूळ जागी येतो आणि सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. त्याच्या शेजारी दुसरे, तिसरे काढीत गेले की सबंध कागद नक्षीने भरतो. मधमाशीच्या पोळ्यातही सहा बाजूंचेच घर असते. विजापूरच्या इब्राहिम रोजातील दगडी जाळ्या पाहावयास मुलांना कधी नेले, तर आपल्या वहीतल्या वर्तुळांचे नाते त्या कारागिरांशी आहे, हे त्यांना सांगता येईल. भूमिती ही गुण मिळविण्यापुरती नाही, हेही त्यांना उमजेल.

आता आपले आक्षेप. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, मग हे केव्हा करावयाचे ? मी पंधरवड्यातून एक तास देतो आणि उरलेली नोंद मुले घरी करतात. दुसरा आक्षेप संख्येचा. पंचावन्न मुलांना सहा-सहांच्या गटांत बसविले आणि प्रत्येक गटाला एक पेला, एक बरणी दिली तर गोंधळ होत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो तर उरतच नाही. जुने वर्तमानपत्र, मूठभर मूग, चमचाभर हळद, यापलीकडे काय लागते ? चौथा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मात्र खरा आहे. कण्हेर, धोतरा, रुई यांना मुलांनी हात लावू नये. रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. केसाळ अळी उचलू नये. काम संपले की साबणाने हात धुवावेत. हे नियम शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजेत.

पाचवा आक्षेप पालक उघडपणे बोलत नाहीत, पण मनात असतो. "आम्ही पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेत पाठवितो, ते पाला-माती खेळावयास का ?" त्यांना मी एका मुलाची गोष्ट सांगतो. आपल्याच मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या, मामाच्या घरी वाढलेल्या एका पोरक्या मुलाने लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याने विचारले. मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिले नाही. पक्षी ओळखून दिला आणि कपाटांतील खण उघडून भुसा भरलेले कितीतरी पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. पक्षिशास्त्रात त्यांनी भारताचे नाव जगात नेले आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवले.

प्रत्येक मूल सालिम अली होणार नाही, हे मलाही समजते. परंतु प्रत्येक मूल केव्हातरी हातात काहीतरी घेऊन आपल्याकडे येते आणि विचारते, "हे काय आहे ?" त्या क्षणी आपण खण उघडतो की बंद करतो, हाच खरा प्रश्न आहे. त्या मुलीने कंपासपेटी उघडली होती. खण बंद केला तो मी.

शेवटी या संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपण प्रदर्शन भरवितो. त्यातील थर्माकोलचे किल्ले आणि विकत आणलेले नमुने कोण करतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बक्षीस मुलाला मिळते आणि रात्र जागलेला असतो मोठा भाऊ. पुढील वर्षी एका दालनात फक्त मुलांच्या नोंदवह्या मांडाव्यात. डाग पडलेल्या, खाडाखोड केलेल्या, पानांच्या ठशांच्या, चंद्राच्या, मुगाच्या. न उगवलेल्या मुगाची वहीही तेथे असावी. वहीशेजारी मुलाने उभे राहावे आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे द्यावीत. "मला असे दिसले," हे वाक्य आपल्या मुलामुलींना ताठ मानेने म्हणता आले, तर या संस्थेच्या कष्टांचे चीज झाले असे मी समजेन.

आणि पालकांना एवढेच सांगतो. उद्या सकाळी मुलाला हाताशी धरून घराजवळच्या कोणत्याही झाडाखाली पाच मिनिटे उभे राहा. त्याला काही शिकवू नका. पानांचे किती रंग दिसतात, एवढेच विचारा आणि तो जे सांगेल ते खरे आहे की नाही, हे त्याच्याबरोबर स्वतः पाहा.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिचे सहा गुण मी तिला परत देऊ शकत नाही. परंतु माझ्या वर्गात आता लाल शाईने "पान हिरवे असते" असे कोणाच्याही वहीत लिहिले जात नाही.